आपट्याच्या पानावर नेम

२४ जून २०१२, रविवार

आजपासून गौतम माझा कोणी नाही. मेला मला!

राग एवढा की जेवण गेलं नाही. आज आमच्या रायपूरच्या मराठी मंडळाची वार्षिक सभा होती. चाळीसेक माणसं, वर पंखे गरगरतायत, सगळं नेहमीसारखं. दसऱ्याच्या कार्यक्रमाचा विषय निघाला आणि हा उभा राहिला. नेमबाजी विभागाचा प्रमुख! ते पद त्याला दिलं कोणी? माझ्या वडिलांनी, आप्पांनी. अकरा वर्षांचा होता, छर्रा भरायला हवाई बंदुकीची नळी खाली मोडायची ताकद नव्हती अंगात, तेव्हा आप्पा त्याच्या हातावर हात ठेवून मोडून द्यायचे.

तर हा म्हणतो, "यंदापासून शस्त्रपूजेचं काम आप्पांकडे नको. बंदुकींना त्यांनी हात न लावलेलाच बरा."

सेक्रेटरी गुलाबरावांचंही तोंड उघडं राहिलं. "काहून रे?"

"बस, इतकंच. कारण नका विचारू."

कारण नका विचारू! बावीस वर्षं आप्पांनी मंडळाच्या मागच्या अंगणात वाळूची पोती रचली, पोरांना नेम शिकवला, खंडेनवमीला प्रत्येक बंदूक स्वतःच्या हाताने पुसली. आणि चाळीस माणसांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. मीही नाही. ते सगळ्यात जास्त जाळतंय.

आप्पांनी टोपी सारखी केली, "बरं," म्हणाले आणि उठले.


२५ जून

गौतम दारात. आप्पा भाजी आणायला गेलेले. "देवश्रीताई, दोन मिनिटं. तुमच्याशीच बोलायचं होतं, आप्पा नसताना."

"काल सगळ्यांसमोर बोललास ना? मग आज कानात कशाला?"

दार लावलं. असं लावलं की वरच्या मजल्यावरच्या काकू खाली डोकावल्या.


१ जुलै, रविवार

ठरलं. दसऱ्याला त्याला हरवायचं. त्याच्याच अंगणात, त्याच्याच माणसांसमोर.

आमच्या मंडळाचा दसरा म्हणजे आपट्याची पानं. इथले लोक सोनपत्ती म्हणतात. वाळूच्या पोत्यांपुढे दोरी बांधायची, दोरीवर पाच पानं टोचायची, वीस पावलांवरून पाच छर्रे. सरावाला एकही नाही, थेट पाच. जे पान टिपलं ते तुझं सोनं. भोक पडलेलं पान संध्याकाळी आपल्या मोठ्या माणसाच्या हातावर ठेवायचं. ही पद्धत आप्पांनीच पाडली. गेलं साल सोडलं तर गौतम दरवर्षी त्याचं पहिलं पान आप्पांना आणून देतो.

यंदा मी देणार. पाचच्या पाच. आप्पांच्या तळहातावर पाच भोकं!

गेल्या दसऱ्याला गौतम पाचवा, म्हणजे शेवटचा आला. एवढी महागाची दुर्बीण बंदुकीवर, आणि एक पान नाही. सगळे छर्रे पोत्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात. तेव्हा मला मेलीला वाईट वाटलं होतं, मी त्याला चहा करून दिला होता. आता वाटतं, बरं झालं.


८ जुलै

आप्पांची जुनी बंदूक काढली. नळी पुसली, गच्चीवर एका खोक्यात वाळू भरून दहा छर्रे मारले. नळीच्या टोकावरची नेमाची माशी स्पष्ट दिसते तर मागची खाच धूसर. खाच बघावी तर निशाण गायब. चाळिशी! एक्केचाळीस वर्षांची झाले, डोळ्यांनी बरोबर तारीख पाळली.

म्हणजे दुर्बीण हवीच. त्याच्यासारखी परवडणार नाही. स्वस्तातली मागवते.


१९ जुलै

दुर्बीण आली! डब्यावर काय काय लिहिलंय — पावसात चालेल, धुक्यात चालेल, कितीही धक्के सोसेल. या किमतीत एवढं सगळं खरं असेल तर मीही इंद्राची अप्सरा.

आप्पांनी हातात घेतली, डोळ्याला लावली, खाली ठेवली. "नळकांडं आहे हे," म्हणाले. "मले त दोन्हीकडून पांढरंच दिसते." मोतीबिंदू पिकलाय त्यांचा. डॉक्टर म्हणतात दिवाळीनंतर करू. आप्पा म्हणतात, "मी कारखान्यातली कोणती गाडी पास करतो आता? दिसते तेवढं पुरे."


२९ जुलै, रविवार

जागा मिळाली. ऑफिसातल्या पद्मिनीचा नवरा धर्मपाल, त्याचा भनपुरीला ट्रान्सपोर्टचा गाळा आहे. रविवारी ट्रक नसतात. मागे उंच भिंत, भिंतीला वाळूची पोती लावून दिली त्याने. "हव दीदी, जितना मारना है मारो, बस टायर छोड़ के!"

पहिला रविवार म्हणजे फजिती. दुर्बिणीत काळी फुली दिसते, फुली पानावर धरायची, घोडा ओढायचा — सोपं आहे असं वाटतं. छर्रा हातभर उजवीकडे. दुर्बिणीवर दोन टोपणं असतात, एक वर, एक बाजूला. उघडलं की आत छोटी चाकी, तिला नाण्याची फट. वरची फिरवली की छर्रा वरखाली, बाजूची फिरवली की डावाउजवा. टक टक आवाज येतो. मी शहाणी, उजवीकडे जातोय म्हणून उजवीकडच्या बाणाने फिरवली. तर आणखी उजवीकडे! बाण छर्ऱ्याला कुठे न्यायचं ते सांगतो, हे कळायला चाळीस छर्रे गेले. टायर वाचले.


५ ऑगस्ट

दुपारपर्यंत छान लागत होते. मग अचानक सगळे वर. मग खाली. भुताने झपाटल्यासारखं. शेवटी बघितलं तर दुर्बीण आपल्या पकडीतून मागे सरकत चाललेली. आपल्या स्प्रिंगच्या बंदुकीला दोन झटके असतात — एक मागे, एक पुढे. स्वस्त दुर्बिणीला ते मानवत नाहीत.

आप्पांना सांगितलं. त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून दिली, पकडीच्या आत घालायला. आणि आपल्या पेचकसाने ते चारही स्क्रू असे कसले की माझ्याच्याने आता जन्मात उघडणार नाहीत. छत्तीस वर्षं रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर. ढिलं काही दिसलं की त्यांचा जीव राहत नाही. परवा कुकरचं हँडल एवढं कसलं की झाकणच बसेना. मी ओरडले तर म्हणतात, "ढिला पेच म्हणजे उद्याचा अपघात."


६ ऑगस्ट

घरातलं लाल नेलपॉलिश सापडलं, चुलतबहिणीच्या लग्नात घेतलेलं. पकडीपासून दुर्बिणीवर एक बारीक रेघ ओढली. दोन्ही टोपणांवरही — टोपण आणि खालची कड जोडणारी एकेक रेघ. काही हललं की रेघ मोडणार. नेलपॉलिश जन्मात पहिल्यांदा कामाला आलं!


१५ ऑगस्ट

झेंडावंदन करून थेट भनपुरी. पानाच्या जागी गौतमचा चेहरा आणायचा प्रयत्न केला. आणला की छर्रे भरकटतात. त्यांचंही बरोबर आहे, मी बंदूक आवळते.

आप्पांना म्हटलं, माझे छर्रे एका जागी का पडत नाहीत? ते खुर्चीतून उठले, माझा डावा हात उघडा केला, बंदूक नुसती तळव्यावर ठेवली. "घट्ट नोको धरू. उडते त उडू दे तिले. तू काहून एवढी तापून राहिली?"

काय सांगू काहून. "ऑफिसचं टेन्शन," म्हटलं.


२ सप्टेंबर, रविवार

पाच छर्रे, सगळे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले! गाल बंदुकीवर रोज त्याच जागी ठेवायचा, नाहीतर फुली सरकल्यासारखी दिसते — या स्वस्ताच्या दुर्बिणीची ती खोड. जागा ठरावी म्हणून तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावलाय. तुला ओळखलं गं बाई मी आता.


२३ सप्टेंबर

गणपतीत मंडळात गेले होते. आप्पा नाही आले. यायचंच नाही म्हणतात. गौतम अंगणात त्याच्या सहा मुलींना शिकवत होता, रविवारचा वर्ग. त्यातली मंजिरी मला बघून धावत आली, "दीदी, सुना है आप भी उतर रही हो दशहरे में?" वीस वर्षांची पोरगी, मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीतच.

"उतर रही हूँ," म्हटलं. मोठ्याने. त्याला ऐकू जाईल असं.

तो हसला. हसला! "छान, ताई. आप्पा शिकवतायत ना?" आप्पांचं नाव घ्यायची हिंमत बघा.


७ ऑक्टोबर

नऊ आठवडे दुर्बीण हललेली नाही. रेघा जशाच्या तशा. आज खरी आपट्याची पानं टोचली दोरीवर. पाचातली पाच. धर्मपाल म्हणाला, "दीदी, पंचायत चुनाव लड़ लो."

मी पानं घरी आणली नाहीत. खरं सोनं दसऱ्यालाच.


२३ ऑक्टोबर, मंगळवार — खंडेनवमी

मंडळात शस्त्रपूजा यंदा गौतमने केली म्हणे. आमची घरी. मी पुरणात अडकलेली. आप्पांनी तासभर लावला. जुनं धोतर, खोबरेल तेल, हळदकुंकू. मला हाक मारली तेव्हा बंदूक पाटावर, आरशासारखी, दुर्बिणीवर झेंडूची माळ. किती महिन्यांनी त्यांचा चेहरा असा बघितला! "ये, नमस्कार कर," म्हणाले. केला. मागितलं काय ते लिहीत नाही, देवाला माहीत आहे.

पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. आप्पांनीच नव्या कापडात गुंडाळून दिली. स्पर्धेच्या बंदुका आदल्या संध्याकाळी मंडळात जमा करायच्या असतात. सहाला देऊन आले. कपाटाची किल्ली गौतमकडे.


२४ ऑक्टोबर, दसरा

शून्य.

पाच छर्रे. एक पान हललंसुद्धा नाही. गौतम चार, मंजिरी तीन. मी शून्य! मागे कोणीतरी बोललंच — "सस्ती दूरबीन, और क्या."

गाल जागेवर होता. हात मोकळा होता. फुली पानाच्या मधल्या शिरेवर होती, मी शपथेवर सांगते.

गौतम पोत्यांपाशी गेला, वाकून बघत बसला. मग मला बोलावलं. खालच्या डाव्या कोपऱ्यात पाच भोकं. "बघा ताई. पाचही एका रुपयात बसतील. मी अशी मारू शकत नाही." आणि मग हळूच, कोणी ऐकू नये असं, "पूजा घरीच झाली का?"

टोमणा! अशा वेळी टोमणा!

"तुझ्या हातची नाही झाली, एवढं नशीब."

बंदूक गुंडाळताना दिसलं. टोपणांवरच्या लाल रेघा. वरची मोडलेली, बाजूचीही मोडलेली. टोपणं कोणीतरी उघडली होती! रात्रभर बंदूक कुठे होती? कपाटात. किल्ली कोणाकडे होती?

गुलाबरावांना बाजूला घेऊन दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला. "राहू दे बंदूक माझ्याकडे," म्हणाले. "कोणाला उघडू देत नाही. बैठकीत ठेवू." कापडाला वरून दोरी बांधून घेऊन गेले.

आता कळलं मला! आप्पांना बंदुकींपासून दूर केलं आणि आप्पांच्या मुलीला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलं. सोडणार नाही. सोडणार नाही. सोडणार नाही.

(संध्याकाळी) आला! लाज नाही. दरवर्षीप्रमाणे पहिलं पान घेऊन, आप्पांना सोनं द्यायला. आप्पा आत नवी टोपी घालून खुर्चीत बसलेले, कोणी येईल म्हणून. मी दारातच उभी राहिले. "झोपलेत."

"मग एवढं द्या त्यांना, ताई." पान माझ्या हातावर ठेवून पायऱ्या उतरला.

आप्पांनी विचारलं, "कोण होतं वो?"

"कोणी नाही."

पान इथेच, या पानात ठेवते. बरोबर मधोमध भोक आहे. डोळ्यांसमोर राहू दे, राग विझायला नको.


२५ ऑक्टोबर

आप्पांना एवढंच सांगितलं की झटक्याने दुर्बीण सरकली. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "होते असं. पुढच्या साली." तक्रारीचं त्यांना अजिबात कळू देणार नाही. सगळं झालं की सांगेन. निकाल घेऊनच.


२७ ऑक्टोबर

वेगळं राज्य झालं तेव्हापासून मी सरकारी फायली हलवतेय. बारा वर्षं. तक्रार कशी लिहायची हे मला कोणी शिकवू नये. शिव्या नाहीत, विशेषणं नाहीत. मुद्दा एक, मुद्दा दोन, मुद्दा तीन. वाचणाऱ्याला आपोआप राग यायला हवा.

मंजिरीला फोन केला. "तू गौतमला कपाट उघडताना पाहिलंस?"

"हाँ दीदी, सुबह। सबकी बंदूकें निकाल रहे थे।"

"एवढंच लिहून दे. कपाट उघडताना पाहिलं. सही कर."

तिने लिहून दिलं. 'सुबह' लिहिलं नाही, मी लिहायला सांगितलं नाही. खोटं एक अक्षर नाही त्यात. वेळ तेवढी नाही.




४ नोव्हेंबर, रविवार

झालं!

बैठक वीस मिनिटांत संपली. गुलाबरावांनी कापड सोडून रेघा सगळ्यांना दाखवल्या, मी मुद्दे वाचले, मंजिरीचा कागद फिरला. मग गौतमला विचारलं, "तू उघडली का टोपणं?"

तो माझ्याकडे बघत होता. वाटलं आता भांडेल. त्याची सगळी उत्तरं मी खोडून ठेवली होती, पाठ केली होती. सिलतऱ्याच्या प्लांटमध्ये मोजमापाच्या यंत्रांवर काम करतो, म्हणजे चाक्या त्याच्या हातच्या — हाही मुद्दा तयार होता!

"किल्ली माझ्याकडेच होती," म्हणाला. "जे लिहायचं ते लिहा."

बस. किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला. गुन्हेगार माणूस असाच गप्प बसतो. विभागप्रमुख पद गेलं. वर्ग बंद. फळ्यावरचं नाव शिपायाने माझ्यासमोर ओल्या फडक्याने पुसलं.

घरी येऊन शिरा केला. आप्पांनी विचारलं, "काय आहे आज?" "असाच," म्हटलं. दोन वाट्या खाल्ला मी.


५ नोव्हेंबर

मंजिरी ऑफिस सुटायच्या वेळी गेटवर उभी. डोळे सुजलेले. "दीदी, दिसंबर में कॉम्पिटिशन के लिए भिलाई जाना था हम छह लोगों को. फॉर्म पर भैया के साइन लगते. अब कौन करेगा? और आपने तो कहा था सिर्फ़ लिखना है कि देखा."

"दुसरा कोणी येईल शिकवायला."

"कौन?"

ऑटो पकडली मी.


८ नोव्हेंबर

ऑफिस नव्या रायपुरात गेलं. कोरी इमारत, लांबच लांब रस्ते, माणूस नाही. बसमध्ये पाऊण तास काही करायला नसतं. टेबलावर पाला साचेल अशी शांतता. तिथे बसून जिंकल्याचा आनंद आठवायचा प्रयत्न केला.


१३ नोव्हेंबर, दिवाळी

गौतम फराळाला आला नाही. दरवर्षी पहिला तोच येतो. आप्पांनी चकलीचा डबा दुपारपर्यंत उघडू दिला नाही.


१७ नोव्हेंबर, शनिवार

गुलाबराव बंदूक परत देऊन गेले. "आता हिचं काम नाही," म्हणाले. बसायला सांगितलं तर बसले नाहीत.

आप्पांचा डोळा लागला होता. म्हटलं चाक्या पुन्हा जागेवर आणू, उद्या भनपुरीला जाऊन बसवू. वरचं टोपण उघडायला गेले, उघडेना. फडक्यात धरून, दात आवळून फिरवलं तेव्हा कुठे सुटलं.

टोपणाच्या आत, आट्यांमध्ये, पिवळं काहीतरी. बोटाने काढलं. तेलकट. वास घेतला.

हळद. खोबरेल तेलात कालवलेली हळद.

बाजूचं उघडलं. त्यातही हळद. चाकीच्या फटीतसुद्धा. दोन्ही चाक्या घट्ट कसलेल्या, तीन तीन आटे — म्हणजे छर्रा खाली आणि डावीकडे.


१८ नोव्हेंबर, रविवार

विचारलं. सहज विचारल्यासारखं, भाजी निवडताना.

"हो त," म्हणाले. कौतुकाने! "खंडेनवमीले सगळं उघडून साफ केलं. आतले दोन पेच एकदम ढिले होते, हातानंच फिरत होते. नाणं लावून कसून देल्ले. काहून? पुन्हा ढिले झाले काय?"

"नाही आप्पा. घट्ट आहेत."

"मंग? मी सांगतो तुले, ढिला पेच..."

"म्हणजे उद्याचा अपघात," मी म्हटलं. ते खूश झाले.

भनपुरीला गेले नाही. दिवसभर कपडे धुतले, धुतलेले पुन्हा धुतले.

आता स्वतःशी तरी खरं बोलायला हवं. टोपणं गौतमने उघडली नाहीत. मी त्याला नाहक बुडवलं. मंजिरीच्या कागदातला तो एक शब्द मी खाल्ला. हे सगळं मान्य.

पण जूनचं काय? आप्पांना चाळीस माणसांत खाली बसवलं ते? ते तर त्याचंच ना! कारण न देता! तिथून सुरू झालं सगळं. मी हात धरून त्याला उभं नव्हतं केलं सभेत. फार तर वर्ग सुरू करा म्हणून गुलाबरावांना सांगेन. चूक झाली म्हणेन. टोपणं कोणी उघडली ते सांगणार नाही. आप्पांचं नाव पुन्हा त्या सभेत निघू देणार नाही. आणि गौतमची माफी मागणार नाही. फिटंफाट. जूनची फेड झाली म्हणायची.


१९ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी चहा घेताना आप्पा आपणहून बोलले. कालचं कौतुक डोक्यात राहिलेलं असणार.

"गेल्या दसऱ्याले गौतमच्या दुर्बिणीचेही पेच असेच कसले होते मी. तसेच ढिले. स्पर्धा झाल्यावर त्याले सांगतलं. हसला. म्हणे, आप्पा, झकास केलं, पण कोणाले सांगू नका, नाही त सगळे आपापली बंदूक घेऊन येतीन तुमच्याकडे."

गेल्या दसऱ्याला. तो पाचवा आला तेव्हा. आणि जूनमध्ये, 'कारण नका विचारू.'

ऑफिसला गेले नाही. वही काढली, २४ ऑक्टोबरच्या पानातून सोनं काढलं आणि आप्पांच्या तळहातावर ठेवलं. वाळलंय, पण अख्खं आहे. त्यांचा अंगठा भोकावरून फिरला.

"मधोमध आहे," म्हणाले. "तुह्यं?"

"नाही," म्हटलं. "गौतमचं."